मूल होण्याआधीही बाई असतेच

थायरॉइड हा शब्द आता वस्त्यांमधून शुगर आणि बीपीइतकाच रुळला आहे. सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वस्तीत मी समुपदेशनाचं काम करते. तिथे येणारी बाई नवऱ्याच्या मारहाणीची हकीकत सांगता सांगता मध्येच म्हणते, "मला थायरॉइड आहे ना ताई, म्हणून दिवस राहत नाहीत." यातला पहिला भाग लॅबच्या कागदावर असतो. दुसरा भाग बहुधा कुठल्याच कागदावर नसतो. तो घरात ठरलेला असतो; कधी सासूने ठरवलेला, कधी जावेने, कधी शेजारणीने. आणि तोवर नवऱ्याची एकही तपासणी झालेली नसते.

मी स्वतः गेली नऊ वर्षं थायरॉइडची गोळी घेते आहे. गेली तीन वर्षं आम्ही नवराबायको मूल व्हावं म्हणून प्रयत्न करतो आहोत. हे आधीच सांगून टाकते, कारण या विषयावर मला तटस्थपणे लिहिता येणार नाही आणि तसा आवही आणायचा नाही.

बाईच्या शरीराबद्दल आपल्या चळवळीने जे लढे दिले ते बहुतांशी ‘नाही’ म्हणण्याच्या हक्काचे होते. ते तसे असणं साहजिकच होतं. १९५२ पासून सरकार कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम राबवत होतं आणि त्यात बाई म्हणजे पुरं करायच्या उद्दिष्टातला एक आकडा होती. नेट-एन या इंजेक्शनच्या विरोधात स्त्री संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गर्भलिंगपरीक्षेच्या विरोधात महाराष्ट्रात मोहीम झाली आणि १९८८ साली देशातला पहिला कायदा इथे आला. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून दाखवून दिलं, की १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग आहे आणि त्यांतल्या फार थोड्याजणींची त्याआधी कधी तपासणी झाली आहे. बाईचं आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि पाळणा लांबवणं नव्हे, हे त्या अभ्यासाने जगापुढे मांडलं. पुढे १९९४ च्या कैरो परिषदेत वंध्यत्वावरचे उपचार हाही प्रजनन आरोग्याचा भाग मानला गेला.

मानला गेला, पण आपल्या शिबिरांतून हा विषय क्वचितच आला. त्याचं कारण मला समजतं. सारं जग बाईला "आई हो, आई हो" म्हणून टोचत असताना आपणही तेच बोलायचं का, असं वाटायचं. वांझ या शिवीविरुद्ध आपण बोललो, पण जिला मूल हवं आहे आणि होत नाही तिच्या शरीरात नेमकं काय चाललं आहे ते विचारायला थांबलो नाही. मग ती नवस-उपासाकडे गेली, भगताकडे गेली, आणि चार पैसे असले तर रस्त्यावर मोठाले फलक लावलेल्या टेस्ट ट्यूब सेंटरकडे गेली. यांपैकी कुठेही जाण्याआधी करायची एक साधी रक्ततपासणी असते. खासगी लॅबमध्ये ती काही शे रुपयांत होते. विडी वळणाऱ्या बाईच्या हिशेबात ते पैसे थोडे नाहीत, पण नवसाच्या बोकडाहून खचितच कमी आहेत.

थोडं शरीराबद्दल बोलू. थायरॉइड ही गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराची सगळी यंत्रणा कोणत्या वेगाने चालावी हे तिच्या स्रावावर ठरतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी टीएसएच नावाचं संप्रेरक पाठवून तिला कामाला लावते. थायरॉइड मंदावली की वरून तगादा वाढतो, म्हणजे टीएसएचचा आकडा चढतो. आकडा चढला म्हणजे ग्रंथी कमी पडते आहे, हे उलटं गणित समजावून सांगायला मला दर वेळी पाच मिनिटं लागतात. पण एकदा ते कळलं की बायका आपले रिपोर्ट आपणच वाचू लागतात. चौथी शिकलेली बाईसुद्धा "मागच्या खेपेला नऊ होतं, आता साडेतीन आलंय" असं सांगते तेव्हा मला फार बरं वाटतं.

पूर्वी थायरॉइड म्हटलं की आयोडीनची कमतरता आणि गलगंड एवढंच डोळ्यांपुढे यायचं. आज आपल्याकडे मिठात आयोडीन असतं, तरी हा आजार आहेच. त्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथीवर उलटते. हाशिमोतो या जपानी डॉक्टराने १९१२ साली हा आजार पहिल्यांदा नोंदवला. पुरुषांपेक्षा बायकांना तो कितीतरी पट अधिक होतो. थकवा, वजन वाढणं, केस गळणं, बद्धकोष्ठ, थंडी सोसवेनाशी होणं, मन खाली खाली जाणं ही त्याची लक्षणं. यातलं कुठलं लक्षण घेऊन बाई दवाखान्यात जाईल? घरात तिला आळशी म्हणतात, जाडी झाली म्हणतात, आणि तीही ते खरं मानून चालते.

याच आजारात पाळी बिघडते. कुणाची लांबते, कुणाच्या अंगावरून भरमसाट जातं. स्त्रीबीज दर महिन्याला तयार होऊन बाहेर पडण्याच्या कामात अडथळा येतो, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढू शकतं, आणि दिवस राहिले तरी गर्भ पडण्याची जोखीम वाढते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिले सुमारे तीन महिने गर्भाची स्वतःची ग्रंथी पुरेशी कामाला लागलेली नसते. तोवर बाळ आईच्याच संप्रेरकावर वाढतं. म्हणून आईची गरज पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच वाढू लागते, साधारण पाव ते निम्म्या पटीने. त्या वेळी कित्येकींना पाळी चुकल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं. यासाठी थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईचं टीएसएच दिवस राहण्याच्या आधीच साधारण २.५ च्या खाली आणावं, असं डॉक्टर सांगतात. पाळी चुकताच डोस वाढवायचा असतो. आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्यायच्या आणि लगेच रक्त तपासायचं, हे अनेक डॉक्टर आधीच लिहून देतात. ज्यांनी लिहून दिलं नसेल त्यांना ते विचारून घ्यायला हवं.

आता सरकार काय करतं ते पाहा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली थायरॉइडच्या कमतरतेसाठी तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पण त्या आहेत गरोदर स्त्रियांसाठी. त्यातही जोखीम असलेल्या गरोदर स्त्रियांसाठी, आणि जोखमीच्या यादीत वंध्यत्वाचा इतिहास आणि वारंवार गर्भ पडणं हेही आहे. म्हणजे बाईला आधी मूल राहत नव्हतं याची नोंद सरकार घेणार, पण मूल राहिल्यावर! ज्या आजारामुळे दिवसच राहत नाहीत त्या आजाराची चौकशी दिवस राहिल्यावर करायची, हा कुठला न्याय? पोटात बाळ आलं की बाईचं शरीर योजनेत येतं. त्याच्या आधीची बाई, त्याच्या नंतरची बाई, आणि जिला कधी मूल झालंच नाही किंवा नकोच होतं ती बाई, यांची थायरॉइड कुणाच्याच वहीत नाही. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे. थायरॉइडची गोळी बाईला तिच्या स्वतःच्या जगण्यासाठी लागते. बाळ हे तिच्या आयुष्यातलं एक कारण असू शकतं, तपासणी मिळण्याची अट नव्हे.

नंतरच्या बाईचंही बोलते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं, चौकशी समिती नेमली गेली. पाळीची मजुरी बुडते, मुकादम दंड लावतो आणि खासगी डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतो, ही साखळी तेव्हा उघडी पडली. अंगावरून फार जातं ही तक्रार घेऊन येणाऱ्या बाईची थायरॉइड तपासावी, हे वैद्यकातलं फार अवघड गुपित नाही. मूल होत नाही म्हणून एकीला देवाच्या दारी धाडायचं आणि मुलं झाली, आता पिशवीचं काय काम, म्हणून दुसरीची पिशवी काढायची. दोघींचंही रक्त तपासायची कुणाला गरज वाटत नाही.

गोळीकडे वळते, कारण खरी गंमत, म्हणजे खरा छळ, तिथे आहे. थायरॉक्सिन ही गोळी स्वस्त आहे, दिवसाला दोन-तीन रुपयांच्या आत बसते. ती अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पण ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कुणाच्या घरातली सून सकाळी अर्धा तास चहावाचून शांत बसू शकते? ती पाच वाजता उठते, पाणी भरते, सगळ्यांचा चहा टाकते. सासूबरोबर घोटभर चहा घेतला नाही तर "हिचं आता काय नवीन?" असा प्रश्न येतो. ज्या घरात लग्नाच्या वेळी आजार लपवलेला असतो तिथे तर गोळीची बाटलीच लपवावी लागते. आमच्याकडे येणारी एक मुलगी ती तांदळाच्या डब्यात ठेवायची. दुसरीने माहेरच्या सांगण्यावरून गोळ्या पुडीत बांधून साडीच्या घडीत ठेवल्या होत्या. सासू आसपास नसेल त्या दिवशी गोळी, नाहीतर नाही. आठवड्यात तीन-चार पडायच्या. मग टीएसएच चढलेलं, पाळी बिघडलेली, दिवस राहत नाहीत, आणि दिवस राहत नाहीत म्हणून सासूचा पहारा आणखी कडक.

वधूवर सूचक मंडळांत आता रक्तगटाबरोबर हळूच थायरॉइडही विचारतात. मुलीचाच विचारतात. आईवडील मुलीला सांगतात, "आत्ता बोलू नकोस, लग्न झाल्यावर बघू." मी त्या आईवडिलांवर रागावत नाही. पण डायबेटिसवाला मुलगा उजळ माथ्याने गोळी खातो आणि थायरॉइडवाली मुलगी चोरून खाते, यात आजाराचा काही दोष नाही. आजार लपवायला लागतो म्हणून उपचार नीट होत नाहीत, आणि उपचार नीट होत नाहीत म्हणून मूल राहत नाही, हे आपण सासरच्यांना समोर बसवून सांगू शकतो. मी सांगते. दहांतल्या चार घरांत तरी त्याचा उपयोग होतो, कारण नातवंड त्यांनाही हवं असतं. या युक्तिवादाचा मला थोडा रागच येतो. सून थकते म्हणून गोळी द्या, असं म्हटलं तर कुणी ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आशाताईंनी पाठच करावी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतली तर थायरॉइडची गोळी अंगाला नीट लागत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या दवाखान्यातून मिळतात, ती बिचारी सगळ्या एकदमच तोंडात टाकते. शिवाय "गरोदरपणात औषधं नकोत, बाळाला उष्ण पडतात" असं म्हणून कित्येकजणी दिवस राहताच थायरॉइडची गोळी बंद करतात. ज्या घडीला ती सर्वांत जास्त लागते नेमक्या त्या घडीला. हे शरीरात मुळात असायला हवं तेच संप्रेरक आहे, ते बाळाला घातक नाही, हे वारंवार सांगायला हवं. ज्यांची ग्रंथी उलट अतिवेगाने चालते त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या काही औषधांनी गर्भाला धोका असतो, म्हणून त्यांनी मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यायचं असतं. तिथेही गोळी मनाने बंद करायची नाहीच.

माझ्यापुरतं सांगायचं तर लपवण्याचा प्रश्न नव्हता. नवरा चळवळीतलाच. तरी आम्ही ज्या खासगी दवाखान्यात गेलो तिथल्या डॉक्टरांनी माझी फाइल वाचली आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "मिसेसना थोडं वजन कमी करायला सांगा." मी समोरच बसले होते. त्याच्या वीर्याची तपासणी मी तीन भेटींत तीनदा मागितली, चौथ्या भेटीत ती लिहून मिळाली. तोवर माझ्या दोन सोनोग्राफी आणि नळ्यांचा एक्स-रे झाला होता. तो एक्स-रे किती दुखतो ते ज्यांनी काढला आहे त्यांना माहीत आहे. पुरुषाच्या तपासणीत सुईसुद्धा टोचत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारणही असतं, हे पाठ्यपुस्तकात आहे. तरीही तपासणीचा क्रम बाईपासून सुरू होऊन बाईपाशीच संपतो. स्वतःच्या नावाचा तो कागद हातात आला तेव्हा माझ्या समतावादी नवऱ्याचाही चेहरा उतरला होता. गेला मात्र, आणि पुढे दोन मित्रांनाही घेऊन गेला.

गेल्या वर्षी दिवस राहिले आणि आठव्या आठवड्यात गर्भ पडला. माझं टीएसएच तेव्हा दोनच्या आत होतं. म्हणजे गोळी ही हमी नव्हे. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत मुळातच गुणसूत्रांचा दोष असतो, त्याला कुणाची थायरॉइड, कुणाचं धावपळ करणं, मोर्चाला जाणं जबाबदार नसतं. सासूबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी उष्णता झाली." त्या मायेनेच म्हणाल्या आणि रोज पेज करून देत होत्या. संघटनेतली एक जुनी मैत्रीण म्हणाली, "बरंच झालं गं, मोकळी राहिलीस, काम करशील." तीही मायेनेच म्हणाली. मला तिचं बोलणं जास्त लागलं. मूल हवं असं वाटणं हा सगळाच पुरुषप्रधानतेने केलेला बुद्धिभेद आहे, असं मानणाऱ्या मैत्रिणींना मला विचारायचं आहे: मग ज्या बाईला मूल नको आहे तिची इच्छा तेवढी स्वतःची आणि माझी मात्र उसनी, हे कुणी ठरवलं?

या इच्छेचा बाजार होतो, हे खरंच आहे. थायरॉइडच्या नावानेही होतो. साध्या टीएसएचऐवजी तपासण्यांचं भलंमोठं पॅकेज माथी मारतात. ग्रंथीविरुद्धची अँटिबॉडी रक्तात सापडली पण टीएसएच ठीक आहे अशा बाईलाही घाबरवून गोळी सुरू करतात. २०१९ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत असं दिसलं, की अशा स्त्रियांना गोळी देऊन जिवंत मूल जन्माला येण्याचं प्रमाण काही वाढत नाही. तेव्हा जिला गरज आहे तिला गोळी मिळत नाही आणि जिला नाही तिच्याकडून पैसे काढले जातात, अशी गत आहे. टेस्ट ट्यूब सेंटरवर नियंत्रणासाठी २०२१ साली कायदा आला. पण तिथे पोचण्याआधीची पायरी, गावच्या दवाखान्यातली, रिकामीच आहे.

आपल्या हातात काय आहे? कायद्याच्या बाजूने एक गोष्ट आहे, जी आपल्यातल्याही पुष्कळजणींना ठाऊक नसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्याच्या तिसऱ्या कलमात, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून बाईला टोमणे मारणं, अपमान करणं याला स्पष्ट शब्दांत हिंसा म्हटलं आहे. "वांझ म्हणतात" एवढं सांगून बाई गप्प झाली तरी ती तक्रार आहे, ती अर्जात लिहा. मूल होत नाही हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही, आणि दुसरं लग्न हा गुन्हा आहे, हेही तिला त्याच बैठकीत सांगा.

आरोग्याच्या बाजूने आम्ही जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना निवेदन देतो आहोत. मूल राहत नाही, पाळी बिघडली आहे किंवा सतत थकवा आहे, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कुठल्याही बाईचं टीएसएच प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासलं जावं, मग ती गरोदर असो वा नसो, लग्न झालेली असो वा नसो. गोळीचा साठा बारा महिने असावा. दोन महिने मिळाली आणि तिसऱ्या महिन्यात संपली, असं या आजारात चालत नाही. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यातल्या पुरुषाची तपासणी पहिल्याच भेटीत, त्याच कागदावर लिहिली जावी. आणि आमच्या स्वतःच्या केंद्राच्या नोंदवहीत आता ‘मूल नाही’ या रकान्यापुढे दोन नवे रकाने आहेत: नवऱ्याची तपासणी झाली का, आणि बाईचं टीएसएच शेवटचं कधी पाहिलं. सुरुवातीची बरीच पानं दोन्ही रकान्यांत ‘नाही’नेच भरली आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात ही तपासणी होते का, गोळी मिळते का, किती दिवसांची मिळते, आणि नवऱ्यांना तपासणीसाठी पाठवायला तुम्हाला काय काय करावं लागलं, ते संपादकांच्या पत्त्यावर लिहून कळवा. निवेदनाला ते जोडता येईल.